होकुसाईची लाट दिवाणखान्यात : जपानी ठसाचित्रांच्या प्रतींची पारख

जपानी चित्रकार होकुसाईची ‘कानागावाची मोठी लाट’ आज चहाच्या कपापासून पडद्यांपर्यंत सगळीकडे दिसते. पण मूळ चित्र किती मोठे आहे, असे विचारले तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली प्रत २५.७ सेंमी उंच आणि ३७.९ सेंमी रुंद आहे. म्हणजे ए-थ्री कागदापेक्षाही थोडी लहान. हे चित्र हातात धरून, हातभर अंतरावरून पाहण्यासाठी छापले गेले. घरासाठी प्रत घेताना हे माप लक्षात ठेवले तर निम्म्या चुका आपोआप टळतात, कारण बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रती नेमक्या याच मापाला धक्का लावतात.

इथे चार प्रकारच्या प्रतींची तुलना केली आहे : नव्याने ठसे कोरून हाताने छापलेली प्रत, चांगल्या कागदावरचा पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचा इंकजेट प्रिंट, ऑफसेट पोस्टर, आणि कॅनव्हास-सनबोर्ड-वॉलपेपर ही सगळी मंडळी. आमचे मत आधीच सांगतो. पैसे असतील तर हाताने छापलेली एकच प्रत घ्या. नसतील तर मूळ मापाचा, जपानी कागदावरचा पिगमेंट प्रिंट काढून घ्या आणि वाचलेले पैसे फ्रेमवर घाला. पोस्टर तात्पुरते ठीक. कॅनव्हासच्या वाटेला जाऊ नका.

प्रत घेण्यात कमीपणा काही नाही. ही लाट ज्या मालिकेतली, ती होकुसाईची ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ १८३०-३२ च्या सुमारास निशिमुराया योहाची या प्रकाशकाने विकायलाच काढली होती. ती इतकी चालली की आणखी दहा चित्रे जोडली गेली. नावात छत्तीस राहिले आणि चित्रे ४६ झाली. त्याच काळातला चित्रकार हिरोशिगे याच्या ‘तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम’ (तोकाइदो म्हणजे एदो, आजचे टोकियो, ते क्योतो हा जुना रस्ता) या १८३३-३४ च्या मालिकेत सुरुवात आणि शेवट धरून ५५ चित्रे आहेत. एकाच ठशांच्या संचावरून पुन्हापुन्हा प्रती निघत, ठसे झिजत, रेघा तुटत, रंगही बदलले जात. ‘मोठ्या लाटे’च्या उशिराच्या प्रतींमध्ये नावाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते, ती यामुळेच. छापील चित्र भिंतीवर लावणे आपल्यालाही नवे नाही. मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती कितीतरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फरक तंत्रात आहे, आणि प्रत ओळखायची तर ते तंत्र थोडे समजून घ्यावे लागते.

जपानी ठसा डोंगरी चेरीच्या लाकडाचा. आधी बाह्यरेषांचा मुख्य ठसा कोरतात, मग प्रत्येक रंगासाठी वेगळा. कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशावर ‘केंतो’ नावाच्या दोन खुणा असतात, एक कोपऱ्यात आणि एक कडेला. रंग पाण्यातला, ब्रशने ठशावर लावलेला. यंत्राचा दाब नसतो. बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या ‘बारेन’ने कागद पाठीमागून घासला जातो. कागद कोझो झाडाच्या धाग्यांचा, किंचित ओलसर केलेला. त्यामुळे रंग कागदावर थर होऊन बसत नाही, धाग्यांत मुरतो. आकाशात वरून खाली फिका होत जाणारा निळा दिसतो त्याला ‘बोकाशी’ म्हणतात. ओल्या ठशावर रंग पुसत-पसरत कारागीर तो प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करतो. पांढरा मात्र बहुतेक वेळा रंग नसतोच. लाटेचा फेस, फुजीवरचा बर्फ, हिरोशिगेच्या रात्रीतली छपरे म्हणजे कोरा कागद.

या शेवटच्या गोष्टीवर सगळे येऊन ठेपते. पांढरा म्हणजेच कागद असेल, तर कागद चुकला की चित्र चुकले.

हाताने छापलेली प्रत

टोकियोतली अदाची ही संस्था होकुसाई-हिरोशिगेचे ठसे पुन्हा कोरून, एचिझेन भागात हाताने बनणाऱ्या ‘होशो’ कागदावर जुन्याच रीतीने प्रती छापते. क्योतोचे उनसोदो हे १८९१ पासूनचे प्रकाशनगृहही ठशांची छपाई करते. अशी प्रत हातात घेतली की फरक सांगावा लागत नाही. कागद मऊ आणि जाडसर असतो. खिडकीच्या बाजूने तिरपा उजेड टाकला तर रेघा कागदात किंचित दबलेल्या दिसतात. उलटी केली तर रंग मागपर्यंत झिरपलेला आणि बारेनचे गोल फराटे दिसतात. निळ्या रंगाच्या मोठ्या पट्ट्यात कधी लाकडाच्या शिराही उमटतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला या प्रती ‘फार ताज्या’ वाटतात. आपल्या नजरेला दोनशे वर्षे पिवळ्या पडलेल्या कागदाचे फोटो सवयीचे झालेले असतात, म्हणून हा पांढरा कागद आणि हा धारदार प्रशियन निळा डोळ्यांत भरतो. एदोतल्या गिऱ्हाइकाने १८३१ साली दुकानात जे पाहिले त्याच्या जवळ ही ताजी प्रतच जाते. प्रशियन निळा तेव्हा जपानमध्ये नवलाईचा होता. बर्लिनवरून त्याला ‘बेरो-आय’ म्हणत, आणि निसर्गदृश्यांच्या लाटेमागे या रंगाचा मोठा हात आहे.

खरेदी करताना दोन शब्द नीट वाचा. ‘आतोझुरी’ म्हणजे मूळ ठशांवरूनच, पण नंतर केलेली छपाई. ‘फुक्कोकु’ म्हणजे नव्याने कोरलेल्या ठशांवरची छपाई. दोन्हींत गैर काही नाही, पण किंमत वेगळी. होकुसाई-हिरोशिगेच्या बाबतीत परवडणारी प्रत जवळपास नेहमी फुक्कोकुच असते. ‘जुना ओरिजिनल’ म्हणून स्वस्तात मिळणारी प्रत बहुधा विसाव्या शतकातली फुक्कोकु निघते. ती चांगलीही असू शकते, फक्त मूळ म्हणून पैसे मोजू नका. अशी जुनी प्रत घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा. पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेली असेल, चिकटपट्टीचे तपकिरी डाग असतील किंवा कडा कापून समास घालवलेला असेल, तर सोडून द्या.

दोष एकच, खर्च. एका प्रतीच्या पैशांत दहा-बारा पोस्टर येतील. वर टपाल आणि कस्टम्स. मागवताना प्रत सपाट पॅक करूनच पाठवायला सांगा. नळीत गुंडाळून आलेला होशो कागद महिनोन्‌महिने पोक काढून बसतो.

पिगमेंट प्रिंट : बहुतेक घरांसाठी हाच

चांगली बातमी अशी की चित्राची उत्तम फाइल फुकट आणि कायदेशीर मिळते. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या स्वामित्वहक्कातून मुक्त चित्रांचे फोटो कोणत्याही वापरासाठी खुले केले आहेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडेही अशीच सोय आहे. होकुसाई (१७६०-१८४९) आणि हिरोशिगे (१७९७-१८५८) यांचा प्रश्नच नाही. विसाव्या शतकातले ठसाचित्रकार योशिदा हिरोशी १९५० साली आणि कावासे हासुई १९५७ साली गेले. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तेही मोकळे आहेत. म्हणजे कुणाच्या तयार पोस्टरवर अवलंबून राहायची गरज नाही. फाइल स्वतः निवडा आणि मुंबई-पुण्यात पिगमेंट शाईवर फाइन आर्ट प्रिंट काढून देणारा स्टुडिओ गाठा.

गणित सोपे आहे. ३८ सेंमी म्हणजे १५ इंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर लांब बाजू ४५०० पिक्सेलची हवी. ३६०० असली, म्हणजे २४० पडले, तरी चालते. १५० च्या खाली गेलात की पहिला बळी पडतो तो हिरोशिगेच्या पावसाचा. ‘शिन-ओहाशी पुलावरची अचानक सर’ (१८५७) या चित्रात पाऊस केसासारख्या बारीक रेघांचा आहे, दोन वेगळ्या ठशांवर, दोन वेगळ्या कोनांत कोरलेला. कमी पिक्सेलच्या फाइलमध्ये या रेघा तुटक होतात किंवा एकत्र येऊन राखाडी धूर दिसतो. स्टुडिओची परीक्षा घ्यायची असेल तर याच चित्राचा तुकडा काढून पाहा. लाट कुठेही बरी दिसते, पाऊस लबाडी लपवू देत नाही.

दुसरी अडचण कागदाच्या पिवळेपणाची, आणि ही जवळजवळ सगळे विसरतात. फोटोत मूळ कागदाचा म्हातारा पिवळसर रंगही आलेला असतो. तो तसाच छापला, तोही हस्तिदंती छटेच्या कागदावर, तर पिवळेपणा दुप्पट होतो. फेस मळका दिसतो आणि चित्राभोवती फिकट तपकिरी चौकोन स्पष्ट उठून येतो. उपाय दोन. एक तर फाइलमधल्या समासाचा रंग उजळवून जवळपास कागदाच्या रंगावर आणायचा. हे बेताने करा, कारण जास्त उजळवले की बोकाशीचा सर्वांत फिका भाग उडतो आणि आकाशाला कड येते. दुसरा उपाय म्हणजे पिवळेपणा ठेवायचा, पण प्रिंट शुभ्र कागदावर काढायचा आणि माउंट (चित्राभोवतीचा, खिडकी कापलेला पुठ्ठा) चित्राच्या काठापर्यंत आणायचा. आम्हाला पहिला उपाय पटतो.

तिसरी अडचण निळ्याची. प्रशियन निळा गडद असतो आणि हिरव्याकडे किंचित झुकतो. रंगांची व्यवस्था न सांभाळता छापला की तो जांभळा होतो, आणि लाट शाईच्या दौतीसारखी दिसते. त्या विशिष्ट कागदाचे प्रोफाइल (रंग जुळवणारी फाइल) लावूनच छापायला सांगा, आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी १० × १५ सेंमीचा नमुना घ्या. त्यात गडद निळा, फेस आणि आकाश तिन्ही यायला हवेत. नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. घरी आणा, ज्या भिंतीवर लावायचा तिथे टेकवा, दुपारी पाहा आणि दिवे लागल्यावर पुन्हा पाहा. पिवळ्याधमक दिव्याखाली निळा मरतो. ३००० ते ४००० केल्व्हिनचा, ९० किंवा जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात याचे माप) एलईडी असेल तर रंग टिकून दिसतो.

कागदाबद्दल. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमातली आवागामी ही गिरणी इंकजेटसाठी खास वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी धाटणीचा कागद, बनवते. त्यातला ११० ग्रॅमचा जाड पांढरा कोझो लाट, तांबडा फुजी आणि तोकाइदोच्या चित्रांना फार शोभतो. धागे दिसतात, रंग मऊ बसतो. याच्या एकाच बाजूला इंकजेटचा लेप असतो. उलट्या बाजूवर छापले तर शाई पसरून रेघा केसाळ होतात. वाशीची मर्यादा काळ्या रंगात दिसते. हासुईची चांदण्या रात्रीची चित्रे, उदाहरणार्थ ‘मागोमेचा चंद्र’ (१९३०), त्यावर दबकी होतात आणि गडद निळा-काळा एकमेकांत मिसळतो. अशा चित्रांसाठी हानेम्यूलेचा ३०८ ग्रॅमचा सुती मॅट कागद, फोटो रॅग, जास्त चांगला, कारण त्यावर काळा खोल उतरतो. ग्लॉसी फोटो पेपर आणि वरून लॅमिनेशन या दोन गोष्टींना मात्र ठाम नकार द्या. चकाकी आली की पाण्यातल्या रंगाचा सगळा गुण संपला. शाई ‘डाय’ (विरघळणाऱ्या रंगाची) आहे की ‘पिगमेंट’ हेही विचारून घ्या. डाय शाईचा प्रिंट उजेडाच्या भिंतीवर लवकर फिका पडतो, आणि आधी लाल जातो.

पोस्टर, कॅनव्हास आणि बाकीचे

पोस्टरचे सर्वांत मोठे पाप म्हणजे कात्री. लाटेचे प्रमाण सुमारे १ : १.४७ आहे. ए-थ्रीचे १ : १.४१. ४२ सेंमी रुंदी घेतली तर चित्राची उंची २८.५ सेंमी येते आणि वर-खाली मिळून सव्वा सेंमी कोरे उरते. ते भरायला विक्रेता चित्र वाढवतो आणि बाजू छाटतो. १६ × २० इंचांच्या फ्रेममध्ये तर १६ इंच उंचीला साडेतेवीस इंच रुंदी हवी असते. साडेतीन इंच सरळ कापले जातात, म्हणजे चित्राचा सातवा हिस्सा. लाटेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नावाची चौकट आणि होकुसाईची सही आहे. तीच बहुतेक वेळा अर्धी कापलेली सापडते. ऑनलाइन घेताना हा कोपरा आधी पाहा. ती अक्षरे उजवीकडे दिसली तर चित्र आरशासारखे उलटे छापले आहे. असेही विकले जाते.

‘वुडब्लॉक प्रिंट’ असे लिहून ऑफसेट विकणारे पुष्कळ आहेत. दहा पटींचे भिंग लावा. गुलाबाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ऑफसेट. बारीक विखुरलेला फवारा दिसला तर इंकजेट. सलग रंग, कडेला किंचित जमलेला आणि धाग्यांत उतरलेला, असेल तर ठसा.

कॅनव्हासबद्दल थोडक्यात. कापडाची वीण सपाट रंगाशी भांडते. शिवाय दीड इंच जाडीच्या चौकटीवर ताणायला चारही बाजूंनी तेवढे चित्र मुडपले जाते, आणि १६ × २४ इंचांच्या चित्रातून कडेच्या होड्या, सही, सगळे बाजूला वळते. सनबोर्डच्या कडा दबतात आणि उन्हाच्या भिंतीवर तो वाकतो. पूर्ण भिंतीच्या वॉलपेपरबद्दल एवढेच सांगतो : ३८ सेंमीचे चित्र तीन मीटर केले की अर्ध्या मिलिमीटरची रेघ चार मिलिमीटरची होते. ज्या नाजूक हाताने फेसाची नखे कोरली तो हातच दिसेनासा होतो.

कोणते चित्र कुठे

लाट सोडून इतरही पाहा. होकुसाईचा तांबडा फुजी (‘मंद वारा, स्वच्छ सकाळ’) शांत आहे आणि मोठ्या रिकाम्या भिंतीला पेलतो. त्याच्या सुरुवातीच्या छपाया गुलाबीसर, फिक्या आहेत आणि उशिराच्या भडक विटकरी. दोन्हींच्या फाइली मिळतात, तेव्हा सवय म्हणून गडद उचलू नका. हिरोशिगेची ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (१८५६-५८) ही मालिका उभी आहे. दार आणि खिडकीमधल्या अरुंद पट्टीला, जिन्याला, पॅसेजला तीच योग्य. व्हॅन गॉगने १८८७ साली तेलरंगात नक्कल केलेली हिरोशिगेची दोन्ही चित्रे, पुलावरचा पाऊस आणि कामेइदोची आलुबुखाराची बाग, याच मालिकेतली.

लांब सोफ्यामागची भिंत ही खरी अडचण. तीन मीटरवरून ३८ सेंमीचे चित्र हरवते, म्हणून लोक मोठे प्रिंट काढतात. त्याऐवजी एकाच मालिकेची तीन चित्रे एकाच मापाच्या फ्रेममध्ये, मध्ये पाच-सहा सेंमी सोडून, एका ओळीत लावा. योशिदांची शिडाच्या होड्यांची १९२६ ची चित्रे यासाठीच बनल्यासारखी आहेत. तेच ठसे, पण रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र असे वेगवेगळे प्रहर त्यांनी काढले. शेजारी शेजारी लावले की पाण्यावरचा उजेड सरकताना दिसतो. योशिदा भारतातही आले होते. त्यांच्या १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मालिकेत ताजमहाल, फत्तेपूर सिक्री यांच्या जोडीला अजिंठा आणि वेरूळही आहेत. मराठी घरात याहून नेमकी निवड आम्हाला सुचत नाही, आणि नवल म्हणजे ही चित्रे फार कमी जण लावतात.

हासुईच्या ‘शिबाचे झोजोजी’ (१९२५) या चित्रात लाल मंदिरद्वार आणि बर्फाची सर आहे. ते एकटेच लावावे. शेजारच्या कोणत्याही चित्राला त्याचा लाल झाकून टाकतो.

फ्रेम, माउंट आणि आपला पावसाळा

चांगली प्रत फ्रेमवाल्याकडे बिघडते, हे सर्वांत जास्त घडते. नेहमीची रीत म्हणजे प्रिंट एमडीएफवर फेविकॉलने पूर्ण चिकटवणे. कोझो कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. चारही बाजूंनी जखडला की पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या लाटा होतात, आणि त्या पुन्हा बसत नाहीत. कागद वरच्या कडेला दोन ठिकाणीच टांगायचा. पातळ जपानी कागदाच्या बोटाएवढ्या दोन बिजागऱ्या करून त्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवायच्या. कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक खाली बसतो, तेच हे सत्त्व. एक भाग वाळवलेले सत्त्व आणि पाच भाग पाणी मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचे, गार करून गाळायचे आणि अगदी थोडे लावायचे. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे उद्या प्रत काढायची झाली तर फाटत नाही. ताजीच वापरा; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आंबते. सेलोटेप, डबल टेप आणि मास्किंग टेप यांतले काहीही चालणार नाही. त्यांचा गोंद कागदात उतरून कायमचा तपकिरी डाग पाडतो.

माउंट आम्लविरहित आणि किमान दीड मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. टेकला तर दमट हवेत तो काचेला चिकटतो, आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. आडव्या ओबान मापासाठी, म्हणजे २६ × ३८ सेंमीच्या चित्रासाठी, खिडकी २८ × ४० सेंमीची कापून घ्या. भोवती एक सेंमी कागदाचा समास दिसला पाहिजे. वर आणि बाजूंना आठ सेंमी, खाली साडेनऊ. बाहेरचे माप ४५.५ × ५६ सेंमी होते. रंग मोडका पांढरा. निळा किंवा लाल माउंट चित्राच्या बोकाशीला मारतो. फ्रेम १५ ते २० मिमी रुंद, सपाट, काळी किंवा सागवानी. सोनेरी नक्षी नको.

काचेबद्दल एक सूचना. दुकानात ‘नॉन-रिफ्लेक्टिव्ह’ म्हणून मिळणारी स्वस्त काच खरवडलेली असते. चित्राला चिकटून असते तेव्हा ती ठीक दिसते, पण माउंटमुळे दोन मिलिमीटर अंतर पडले की रेघा धुरकट होतात. साधी २ मिमी काच त्याहून बरी. खर्च करायचाच तर यूव्ही रोखणारी ॲक्रिलिक शीट घ्या.

मागे एमडीएफ असेल तर त्याच्या आणि चित्राच्या मध्ये आम्लविरहित पुठ्ठा हवाच. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. मुंबई-कोकणात पावसाचा मार खाणारी बाहेरची भिंत, बाथरूमची सामाईक भिंत आणि स्वयंपाकघराची बाजू टाळा. बुरशीचे तपकिरी ठिपके आधी कोऱ्या भागावर येतात, म्हणजे नेमके बर्फावर आणि फेसावर. कसर मात्र खळीच्या वासाने येते. फ्रेमची मागची फट कागदी पट्टीने पूर्ण बंद करा. आणि जुलैमध्ये फ्रेम करून घेऊ नका. ओलसर कागद आत कोंडला की ओल आतच फिरते. ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. घाईच असेल तर प्रिंट, माउंट आणि मागचा पुठ्ठा एक दिवस एसीच्या खोलीत ठेवून मगच बंद करा.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर यावा. सोफ्यामागे असेल तर पाठीच्या वर १५-२० सेंमी सोडून लावा. भारतीय बैठकीच्या खोलीत आणखी खाली आणा. गादीवर बसलेल्या माणसाला मान वर करावी लागू नये.

फ्रेमवाल्याला मागची पाटी खिळ्यांनी न ठोकता फिरत्या कड्यांवर बसवायला सांगा. मग एकाच मापाच्या माउंटमध्ये तीन-चार प्रती तयार ठेवून ऋतूप्रमाणे बदलता येतात. पावसाळ्यात तोकाइदोतले ‘शोनो’, जिथे सर आल्यावर पालखीवाले उतारावर धावत सुटले आहेत. थंडीत ‘कानबारा’चा रात्रीचा बर्फ. त्याच्या दोन प्रकारच्या प्रती मिळतात, एकीत आकाश वर गडद आणि दुसरीत क्षितिजाशी. पसंतीची फाइल आधीच ठरवून घ्या. मार्च-एप्रिलात कामेइदोचा बहर. न लावलेल्या प्रती माउंटसकट आडव्या, मध्ये आम्लविरहित बटर पेपर घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. डांबराच्या गोळ्या सोबत टाकू नका, आणि सिलिका जेलची पुडी महिन्याला बदला.